मोजे धड घालून या

निघण्याआधी एकच सूचना. मोजे बघून घाला. अंगठ्याला भोक पडलेला, टाचेला विरलेला जोड आज चालणार नाही, कारण दारातच बूट काढायला लावणार आहेत आणि पुढचा तासभर तुमचे पाय चारचौघांत दिसणार आहेत. मोबाइल घरीच राहू द्या. तिथे तो कुणाला कळायचा नाही. आणि चुकून वाजलाच तरी कुणी रागावणार नाही, उलट त्या आवाजाचं गाणं करून तुम्हालाच मधोमध बसवतील. ते तुम्हाला झेपायचं नाही.

आता डोळे मिटा, दहापर्यंत मोजा आणि उघडा.

थंडी! दक्षिण लंडन, साल 1988, सकाळचे सात, बाहेर अजून काळोख. तुम्ही एका व्हॅनच्या मागच्या सीटवर अवघडून बसला आहात. डावीकडे गुंडाळलेल्या कापडाचे गठ्ठे, उजवीकडे एक बाई थर्मासच्या झाकणातून चहा पितेय, आणि तुमच्या मांडीवर, सांभाळा हं, काशाची भलीमोठी झांगट. गार आणि जड. गाडी खड्ड्यातून गेली की ती आपली आपणच गुणगुणते आणि ती गुणगुण तुमच्या मांडीच्या हाडात उतरते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. बाहेर पाऊस आहे, पण आपला, पत्र्यावर ताशा वाजवणारा नव्हे. चाळणीतून पीठ पडावं तसा बिनआवाजी, चिवट पाऊस. काचांवर आतून वाफ. ओली लोकर, पेट्रोल, संत्र्याची सालं आणि न वाळलेला रंग, असा चौघांचा मिळून एक वास.

नेमका कुठला खेळ बघायला चाललोय, असं विचारू नका. या मंडळींनी वर्षानुवर्षं जे केलं, त्यातलं थोडं इथलं, थोडं तिथलं घेऊन मी तुमच्यासाठी एक सकाळ रांधली आहे. सहल माझी, तेव्हा खिचडीही माझी.

मंडळीचं नाव ऑइली कार्ट. म्हणजे शब्दशः तेलकट हातगाडी. इंग्लंडात डॉयली कार्ट नावाची एक बडी, खानदानी संगीत नाटक कंपनी होती, तिच्या नावाची ही सरळसरळ टर. आपल्याकडे कुणी फिरत्या नाटकवाल्यांनी स्वतःला ‘किरकोळकर नाटक मंडळी’ म्हणवून घ्यावं, तसलाच हा चावटपणा. 1981 साली तिघांनी ती काढली. टिम वेब यांनी लिहायचं आणि बसवायचं, मॅक्स राइनहार्ट यांनी संगीत, क्लेअर द लून यांनी नेपथ्य आणि कपडेपट. सुरुवातीला त्यांचं गिऱ्हाईक होतं पाच वर्षांखालचं. दुपट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी नाटक करायचं ही कल्पनाच तेव्हा तिकडे नवलाची होती. म्हणजे हे लोक आधीपासूनच अशा प्रेक्षकांना सरावलेले, जे कधी रडतील, कधी रंगमंचावर चालत येतील आणि कधी नटाच्या बुटावर ओकतील याचा नेम नाही.

मग एका विशेष शाळेतून बोलावणं आलं. तिथल्या मुलांना तीव्र बौद्धिक अक्षमता होती. मुख्याध्यापकांचा हिशेब साधा होता. तुमचे खेळ तीन-चार वर्षांच्या मुलांचे, आमची मुलंही समजुतीने तेवढीच, तर तेच घेऊन या. मंडळी विचारात पडली. कारण त्या शाळेत बोट धरून चालणाऱ्यांपासून मिसरूड फुटलेल्यांपर्यंत सगळे होते. सतरा-अठरा वर्षांच्या पोरापुढे ससा-कासव काय नाचवायचे? आणि ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याच्यापुढे तर काहीच नाचवून उपयोग नाही. तेव्हा यांनी जुनं नाटक पेटीत बंद केलं आणि नवं केलं. त्याचं नाव ‘बॉक्स ऑफ सॉक्स’. मोज्यांचा खोका. तुम्हाला मोज्यांचं उगीच नाही सांगितलं.

एवढं बोलेपर्यंत गाडी शाळेच्या आवारात शिरली. उतरा. आणि नुसते उभे राहू नका, इथे पाहुणा कुणी नसतो, सगळेच हमाल. तो कापडाचा गठ्ठा खांद्यावर घ्या.

हॉलमध्ये शिरताच नाकात पहिला येतो जमिनीच्या मेणाचा वास. मग उकडत्या कोबीचा, कारण दुपारचं जेवण सकाळपासूनच शिजायला लागतं. आणि त्या दोन्हींच्या खाली, जरा उशिरा कळणारा, जंतुनाशकाचा. भिंतीला कसरतीच्या लाकडी शिड्या, कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. खिडकीखालच्या हीटरवर कुणाचे तरी चिमुकले हातमोजे वाळत घातलेत. तुमची बोटं थंडीने वाकडी झाली आहेत, तीही तिथेच जरा शेकून घ्या. खुर्च्यांना हात लावायचा नाही. त्या लागणार नाहीत.

तासा-दीड तासात हॉलच्या मधोमध एक तंबू उभा राहतो. तंबू म्हणजे कापडाच्या भिंतींची गोल खोली. आत शिरलं की हॉल संपतो. मेण संपतं, कोबी संपतो. प्रकाश मधासारखा. पायाखाली जाड गादी, म्हणून बूट काढायचे. हात लावाल तिथे काहीतरी वेगळं लागतं. इथे मखमल, तिथे गोणपाट, पुढे बुडबुड्यांचं प्लास्टिक, मग लोंबणाऱ्या घंटा. ‘कृपया वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी जगात जिथे जिथे आहे त्या सगळ्यांचा सूड घ्यावा, असं नेपथ्य. आणि ते धुता येण्याजोगंही असायला हवं, कारण आजचे प्रेक्षक ते नुसतं बघणार नाहीत, चाखूनही पाहतील.

बाहेर मिनीबस लागल्या. मागचा दरवाजा उघडतो, लोखंडी फळी घुरघुरत खाली येते आणि तिच्यावरून एक एक व्हीलचेअर ओल्या डांबरावर उतरते. आरडाओरडा, हसणं, एक लांबलचक किंकाळी. दचकलात? ती आनंदाची आहे, कळेल हळूहळू. 1971पर्यंत इंग्लंडात अशा मुलांवर ‘शिकवण्याजोगी नाहीत’ असा शिक्का मारून त्यांना शाळेबाहेरच ठेवत. म्हणजे यांच्यातली थोरली पोरं जन्मली तेव्हा यांच्यासाठी शाळाच नव्हती. नाटक तर सोडाच.

आता तुमचं काम. एका खेळाला प्रेक्षक सहा, फक्त सहा, आणि प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस. मोठ्यांपैकी एक तुम्ही. तुमच्या वाट्याला येतो बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा. नाव मी सांगणार नाही, शाळेतल्या मुलांची नावं अशी छापायची नसतात. त्याला दिसत नाही. ऐकू किती येतं याबद्दल शाळेतही एकमत नाही. तो बोलत नाही. मान उजवीकडे कलते, ती तुम्ही तळहाताने सावरायची. शाळेतली मदतनीस बाई त्याच्या व्हीलचेअरचा ब्रेक लावता लावता सांगून जाते की नको असलं की तो ओठ घट्ट मिटतो. आणि हवं असलं की? ते अजून कुणाला सापडलेलं नाही, असं म्हणून ती पुढच्या खुर्चीकडे वळते.

त्याच्या केसांना साबणाचा वास येतोय. मान अपेक्षेपेक्षा जड आहे. तुमचा तळवा घामेजला. साहजिक आहे. डोकं सावरणं म्हणजे किती जबाबदारीचं काम ते तुम्ही तान्ह्या बाळानंतर विसरला होता.

तिसरी घंटा होत नाही. पडदा वर जात नाही. नट आधी तंबूबाहेरच येतात, सावकाश, एकेका मुलासमोर गुडघ्यावर बसतात. वरून वाकून नव्हे, गुडघ्यावर. तोंड तोंडासमोर. एकाने हातातल्या तंतुवाद्यावर दोनच सूर धरलेत, आणि त्या दोन सुरांवर मुलाचं नाव गायलं जातं. नुसतं नाव. पुन्हा नाव. मग जरा वर चढवून नाव. मुलगा दुसरीकडे बघत असला तर नट त्या दुसरीकडे जाऊन बसतो. घाई नाही. सहा मुलं, सहा नावं. मग ती बाई, मघाची चहावाली, तुमच्यासमोर बसते आणि भुवया उंचावते. तुमचंही नाव पाहिजे. सांगा! इंग्रज जिभेला झेपेल असं नाव असेल तर बरं. ‘ळ’ असेल तर तिची फजिती बघण्यासारखी असते. ती तीनदा अडखळते, चौथ्यांदा भलतंच काहीतरी म्हणते, पण ते इतक्या प्रेमाने गाते की दुरुस्त करायचं तुमच्या जिवावर येतं. शेवटचं कधी कुणी तुमचं नाव गायलं होतं? पाळण्यात. बारशाच्या दिवशी. आणि तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं.

आत चला. पडदा बाजूला होतो तोच गालावर ऊन येतं. ऊन कुठलं, कापडाआडून कुणीतरी गरम वारा सोडतंय. त्यात संत्र्याचा वास. व्हॅनमधली सालं आठवली? तुमच्या मुलाच्या हातावर एक सोललेली फोड ठेवतात. बोटं मिटत नाहीत. नटी फोड काढून घेत नाही, दुसरीकडे जात नाही, ‘अरे वा, छान’ असं खोटंही म्हणत नाही. ती थांबते.

तुम्ही मनात मोजायला लागता. चार. पाच. सहा. नाटकात सहा सेकंदांची शांतता म्हणजे नट वाक्य विसरला. आठ. नऊ. तुमच्याच पोटात गोळा येतो, विंगेतून कुणी सांगत का नाही? बारा. पंधराच्या आसपास मुलाची करंगळी वळते, मग तिच्या शेजारचं बोट. फोड चेपली जाते, रस मनगटावरून तुमच्या बाहीत शिरतो. ओठ मिटलेले नाहीत. नटी तोच मघाचा सूर धरते, बोटांच्या चालीने. बोटं थांबली की सूर थांबतो. बोटं हलली की हलतो. इथे कोण कुणाचं वाद्य झालंय, ते तुमच्या लक्षात यायला तुम्हालाही थोडा वेळ लागतो.

पुढे काय काय होतं त्याची यादी करण्यात अर्थ नाही, तुम्ही तिथेच आहात. घमेलंभर सुके वाटाणे येतात आणि त्यात सगळ्यांचे हात. लहानपणी डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून मार खाल्लेला असेल, तर आज तो वसूल करा. अंगावर चंदेरी कागदाची पांघरुणं येतात, हलकी, कडकडणारी. डोक्यावरून रेशमी कापडाचं आभाळ वरखाली होतं, त्याची झुळूक कपाळावरचे केस उडवते. कुणी झाडांवर पाणी मारायच्या पंपाने तुषार उडवतं. कुणी तुमच्या मानेवर गरम पाण्याची पिशवी ठेवतं आणि तुम्ही चक्क उसासा टाकता. टाका! आवाज केल्याबद्दल इथे कुणी दटावत नाही. गोष्टसुद्धा आहे बरं का, असते थोडी. कुणीतरी कुठेतरी निघालंय, काहीतरी हरवलंय, असं काहीसं. पण गोष्ट इथे खुंटीसारखी. तिच्यावर वारा, पाणी, वास टांगलेले.

कोपऱ्यात एक मुलगी मात्र बसायला तयार नाही. सात-आठ वर्षांची, स्वमग्न. तंबूच्या कडेने ती गोल गोल पळतेय, तोंडाने एकच आवाज काढत. शिक्षिका ओशाळून उठते. नट मानेनेच तिला बसायला सांगतो. पळू दे. तिसऱ्या फेरीला ढोलवाला तिच्या पावलांचा ठेका धरतो. ती थबकते. ढोल थबकतो. ती एक पाऊल टाकते, धुम्. दोन पावलं, धुम् धुम्. एकदा मागे वळून ती त्याच्याकडे बघते, म्हणजे त्याच्या ढोलाकडे, आणि मग जे पळते! सबंध तंबू तिच्या पायांनी वाजतोय. आज या खेळाची ताल-मास्तर तीच.

जरा थांबू. मला तुम्हाला एक सांगायचंय, आणि ते घरी परतल्यावर सांगायचा धीर होणार नाही.

दोन-तीन वर्षांमागची गोष्ट, आमच्याच शहरातल्या एका नाट्यगृहातली. विनोदी नाटक, घर भरलेलं. माझ्या मागच्या रांगेत एक बाई आणि तिचा विशीतला मुलगा. मुलगा नाटक बघत होता, अगदी मन लावून. फक्त त्याचं हसू उशिरा यायचं. सगळं घर हसून शांत झालं, नटाने पुढचं वाक्य घेतलं, की मग हा हसायचा. मोठ्याने, मोकळा. पहिल्यांदा लोकांना गंमत वाटली. तिसऱ्यांदा माना वळल्या. मग दारावरचा माणूस वाकत वाकत, टॉर्च हातात धरून आला आणि बाईच्या कानाशी काहीतरी बोलला. मध्यंतर व्हायच्या आधीच ती दोघं उठून गेली. जाताना बाई खुर्च्यांच्या ओळीतल्या प्रत्येकाला ‘सॉरी’ म्हणत होती. त्या वळलेल्या मानांत एक माझी होती.

तो विनोद कळून हसत होता हो. आमच्यातले कितीतरी शेजारचा हसला म्हणून हसत होते.

आपल्याकडे स्वागत थोरात यांनी ‘अपूर्व मेघदूत’ अंध कलाकारांना घेऊन बसवलं. रंगमंचावर कोण उभं राहणार, हा प्रश्न निदान विचारला तरी गेला. खुर्चीत कोण बसणार आणि कसं बसणार, तो तसाच राहिला. आपलं नाटक प्रेक्षकाकडून फार मागतं, बघा. दोन डोळे, दोन कान, अडीच तास न हलणारं बूड, आणि हसू नेमक्या क्षणाला. हा सगळा ऐवज ज्याच्याकडे नाही, त्याने तिकीट काढूच नये, असं कुठे लिहिलेलं नसतं. लिहावं लागत नाही.

चला परत, झांगट निघाली.

मुलांना एकेक करून खुर्चीतून उचलून एका पातळ लाकडी फळीवर निजवतात. फळीला खालून पट्ट्या, म्हणजे जमिनीत आणि तिच्यात पोकळी. ही कल्पना डेन्मार्कच्या लिली नील्सन यांची. अंध आणि बहुविकलांग मुलांसाठी त्यांनी अशी फळी काढली, जिच्यावर बोटाने टिचकी मारली तरी अंगभर कळते. तुमचा मुलगा निजला. तुम्हीही शेजारी आडवे व्हा. लाजू नका, मोजे धड आहेत ना? झांगट फळीला टेकवून हलकेच वाजवतात.

कानाने ऐकू येतं ते फार थोडं. बाकीचं टाचांतून येतं. पोटऱ्या, माकडहाड, पाठीचा एकेक मणका, मग दात. आवाज अंगातून वर चढत जातो, टाळूपाशी रेंगाळतो, विरतो. देवळात मोठ्या घंटेखाली डोकं नेऊन उभं राहिल्यावर होतं तसं, पण निजून आणि चौपट. शेजारी मुलाचा श्वास बदललाय. थांबायचं. सगळा तंबू थांबलाय. ती पळणारी मुलगीसुद्धा, कापडाला गाल लावून.

आणि त्याचा डावा अंगठा फळीवर आपटतो. एकदा. टक्.

झांगट उत्तर देते. थांबते. पुन्हा टक्.

मदतनीस बाई तोंडावर हात धरून उभी आहे. तो त्याचा होकार होता की अंगठ्याला आलेला नुसता आचका, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तो आठ वेळा आपटला आणि प्रत्येक वेळी झांगट वाजल्यावर आपटला, एवढं तुम्हीही मोजलंत. बाई आपल्या वहीत काहीतरी लिहून ठेवते.

शेवट टाळ्यांनी होत नाही. टाळ्यांचा कडकडाट इथल्या निम्म्या कानांना झेपायचा नाही. जशी नावं गाऊन सुरुवात झाली, तशीच नावं गाऊन निरोप. तुमच्या नावातला ‘ळ’ या वेळी बराच जमलेला असतो. मग जेवणाची घंटा, कोबी, खिमा, पिवळंधम्मक कस्टर्ड. त्याबद्दल मी काही बोलत नाही. यजमानांच्या घरचं अन्न आहे. दुपारी याच तंबूत पुन्हा सहा जण, पुन्हा पहिल्यापासून. आणि गंमत म्हणजे पुन्हा वेगळंच नाटक, कारण प्रेक्षक वेगळे.

आता पोहण्याचे कपडे काढा. उडी मोठी आहे, वीस वर्षांची. 2008.

टोपी घाला. चष्मा काठावर ठेवा, नाहीतरी वाफेने काही दिसणार नाही. हा विशेष शाळेतला उपचाराचा हौद. पाणी अंगाच्या उबेचं, पस्तीस अंशांच्या आसपास. त्यात उतरताना थंड-गरम असं काही वाटतच नाही, फक्त आपलं वजन कुठे गेलं ते कळत नाही. क्लोरीन नाकात झोंबतंय. फरशांवरून प्रत्येक आवाज दोनदा येतो. आणि या हौदात, गळ्याएवढ्या पाण्यात, रंगीत कपडे घालून नट उभे आहेत. खेळाचं नाव ‘पूल पीस’. कोरड्या जमिनीवर सगळं करून झाल्यावर यांना पाण्यात नाटक करायचं सुचलं नसतं तरच नवल.

एक मुलगी उतरतेय. जमिनीवर तिला उचलायला दोन माणसं आणि एक यंत्र लागतं. इथे नटीच्या एका तळहातावर तिचं डोकं, बाकी सारी ती तरंगते. वाकडे, घट्ट आवळलेले हात पाण्याने आपोआप सुटतात, कमळासारखे असं लिहायचा मोह होतो, पण नको. सुटतात, बस्स. कान पाण्याच्या पातळीवर आहेत म्हणून गाणं तिला अर्धं हवेतून आणि अर्धं पाण्यातून ऐकू येत असणार. तुम्हीही तसेच तरंगून बघा. वर छतावर पाण्याचे कवडसे नाचताहेत, भोवती दिवे तरंगताहेत, कुणीतरी तुमच्या कपाळावर धार धरतंय, अभिषेकाची असते तशी बारीक. तुमच्या हातापायांना कुठे जायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

ती मुलगी हसते. कशाला हसली, कुणालाच ठाऊक नाही. धार तर मघाच थांबली होती. पण गाणारा आपलं कडवं सोडतो आणि त्या हसण्याची चाल उचलतो.

अजून एक झेप, लहानशी. 2009. पाणी पुसा, वर बघा. ऑकम्स रेझर नावाच्या हवेतल्या कसरतपटूंना बरोबर घेऊन मंडळींनी ‘समथिंग इन द एअर’ केलं. त्यात प्रेक्षकांच्या खुर्च्या वरून टांगलेल्या. घरट्यासारख्या. तुम्ही बसलात की त्या हलकेच झुलायला लागतात, आणि डोक्यावर माणसं झुलत असतात. वर तेही अधांतरी, खाली तुम्हीही. व्हीलचेअरवर जन्म काढलेल्या पोराला झोका म्हणजे काय, ते मी तुम्हाला शब्दांत सांगू नये. तुम्ही नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसला आहात. पोटात खड्डा पडतो तो क्षण आठवा आणि तेवढ्यावर भागवा.

2012 साली यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीबरोबर ‘द विंटर्स टेल’वरून ‘इन अ पिकल’ हे नाटक केलं, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी. ज्यांचं नाव चिडवून आपलं नाव ठेवलं त्या खानदानी जगाने शेवटी घरी बोलावलं, एवढंच त्यातलं मला गमतीचं वाटतं. तिकडे नाही जात आपण. फार स्वच्छ, फार खुर्च्या.

त्यापेक्षा परतीच्या वाटेवर टूटिंगला उतरू. मंडळीचं बिऱ्हाड तिथल्या स्मॉलवुड शाळेच्या जोडइमारतीत. शाळांसाठी नाटक करणारे शाळेतच राहतात, हे मला फार बरोबर वाटतं. आणि टूटिंगच्या मोठ्या रस्त्यावर आलात की नाकाला एकदम घरचा वास भेटतो. कढीपत्त्याची फोडणी, तव्यावरचा डोसा, भाजीवाल्याच्या दारात भेंडी आणि कारली. दिवसभर नाकानेच नाटक बघितलंय तुम्ही, आता त्याला बक्षीस मिळायला हरकत नाही. एक मसाला डोसा घ्या. पहिला घास तोंडात घालण्याआधी तो हातात धरून जरा थांबा. बोटांना गरम लागू द्या. बघा, सवय लागली तुम्हाला.

खाऊन झालं की डोळे मिटा, दहापर्यंत मोजा. घरी पोचाल. मोजे ओले आहेत, ते आधी काढा.

आणि तुमच्या इमारतीत, तुमच्या नात्यात, तुमच्या रोजच्या रस्त्यावर असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहेच. त्या घरी जा. आईला विचारा, नाटकाचा मध्यंतरानंतरचा अंक शेवटचा कधी पाहिलात?